मालनबाईंनी लिंपलेली भिंत

मालनबाई मूळच्या शेवगावकडच्या. नवरा वारल्यावर बहिणीच्या आधाराने त्या सुप्याला आल्या आणि बांधकामांवर घमेली उचलू लागल्या. बावीस वर्षं त्यांनी गवंड्यांना माल कालवून दिला; थापी काही कुणी त्यांच्या हातात दिली नाही.

नोकरी सोडलेल्या सुहास नावाच्या इंजिनिअरने तिथे छोटंसं जपानी धर्तीचं रेस्टॉरंट काढायला घेतलं. बुटकी टेबलं, सरकते दरवाजे, कागदी दिवे. सजावटीचं काम नगरच्या मैत्रेयीकडे होतं. तिला समोरची एक भिंत मातीची वाटायला हवी होती. रंगाऱ्याने तीनदा तयार पेस्ट मारून पाहिली. तिन्ही वेळा भिंत बिस्किटासारखी दिसली.

मैत्रेयी मोबाईलमधला फोटो भिंतीशी ताडून बघत होती. राडारोडा उचलणाऱ्या मालनबाई मागे थांबल्या.

"ताई, ही तर मातीची भित हाय."

"हो, तशी दिसायला हवीय."

"दिसायला कशाला? मातीचीच करा की. माहेरी आमी दरसाल लिंपायचो."

सुहास हसला. मैत्रेयीने मात्र काम त्यांच्यावर सोपवलं.

मालनबाईंनी पांढरी माती आणवली, गव्हाचं भुसकट घालून आठवडाभर भिजत ठेवली, पायांनी तुडवली आणि भिंत लिंपली. चौथ्या दिवशी तिला हातहात लांब भेगा पडल्या.

"बास झालं," सुहास म्हणाला. "टाइल्स लावून टाकू."

मालनबाईंनी भेगेत नख घालून पाहिलं. "चूक माजीच हाय. माहेरच्या भिती मातीच्या हुत्या, ही सिमेटाची. ही पानी पीत न्हाई, मंग माती धरंल कशी?"

त्यांनी सगळी माती खरवडून काढली. छिन्नीने भिंतीला टाचे मारून ती खडबडीत केली, मातीत वाळू वाढवली आणि पातळ तीन हात दिले. या खेपेला भिंत अखंड वाळली. बोटांच्या कमानी तेवढ्या वर उमटल्या होत्या. त्या पुसायला मालनबाईंनी ओलं फडकं घेतलं, तर मैत्रेयीने हात धरला. "राहू द्या. हेच हवं होतं."

मालनबाई संकोचल्या. बोटं उमटली की त्यांची आई ओरडायची.

उद्घाटनाला त्या इस्त्रीची साडी नेसून गेल्या. भात-मासा खाल्ला. मीठ कमी होतं, असं घरी येऊन बहिणीला सांगितलं.

पुढे मैत्रेयीने त्यांना दोन ठिकाणी नेलं, एकदा नेवाशाला. मातीचं काम नसलं की त्या अजून घमेली उचलायला जातात. एखादा गवंडी त्यांना थापी घेऊन गिलाव्याला हाक मारतो, एखादा नाही मारत.