चंपतनं बांधलेलं दाताळं

तेलंगणातल्या गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला चंपतचं वेल्डिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रे, मागं कुडाची भिंत आणि पुढं मोकळी जागा. सत्तावीस वर्षं तो त्याच जागी उकिडवा बसून ट्रॉल्यांचे फाळके, वखराच्या पासा, घरांचे दरवाजे जोडत आला. आसपासच्या खेड्यांत कुणाचं काही मोडलं की लोक म्हणत, चंपतकडं न्या, त्याचा सांधा सुटत नाही. हे ऐकलं की चंपत मान खाली घालून रॉड होल्डरला लावत असे. पण ते ऐकायला त्याला फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांपुढं डाग दिसू लागला. आधी त्याला वाटलं, वेल्डिंग करताना तोंडापुढं धरायच्या काचेला काजळी धरली. काच पुसली, बदलली, तरी डाग तिथंच. ज्या जागेकडं पाहावं नेमकी तीच जागा पुसल्यासारखी व्हायची. बाजूचं मात्र दिसायचं. आदिलाबादला डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून तासभर बसवलं, मग उजेड मारून पाहिलं. आतला पडदा भाजला आहे, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं तरी सांभाळा, असं त्यांनी तेलुगूत सांगितलं. शेवटी हात हलवून म्हणाले, "वेल्डिंग इंक चालु."

तेलुगूत चालु म्हणजे पुरे. चंपतला ते चांगलं समजत होतं. पण घरी जयवंताबाईनं विचारलं तेव्हा तो चप्पल काढता काढता म्हणाला, "डॉक्टर म्हणले, काम चालू." तिनं ते मराठीत ऐकलं आणि भाकरी थापायला बसली. तीस वर्षांच्या संसारात आपण बायकोशी पहिल्यांदाच असं खोटं बोललो, हे त्याला जेवताना टोचत राहिलं. तरी त्यानं दुरुस्त केलं नाही. दुकान बंद केलं तर सकाळी उठून जायचं कुठं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग तो डोळ्याच्या कडेनं काम करू लागला. माप टेपवर न बघता वितीनं आणि बोटांनी घ्यायचा. सांधा बसला की नाही ते आवाजावरून ओळखायचा. कढईत भजी तळल्यासारखा सलग आवाज आला की ठीक, मध्ये फटफट झाली की परत रॉड फिरवायचा. गार झाल्यावर वरचं जळकं कवच हातोडीनं उडवून त्यावर अंगठा फिरवायचा. तरीही गिऱ्हाईक कमी झालंच. एका दरवाजाची कडी वाकडी बसली, एका ट्रॉलीचा हुक तिरपा लागला. कुणी तोंडावर बोललं नाही. समोरच हर्षदीपचं दुकान होतं. तो तरुण, चंपतच्याच हाताखाली शिकलेला. लोक त्याच्याकडं वळले.

माघ सरता सरता उद्धवराव आले. ते आणि चंपत एका शाळेत, एका बाकावर बसलेले. पण उद्धवराव पाटलाघरचे, म्हणून चंपत त्यांना तेव्हापासून तुमीच म्हणायचा. त्यांचं डोंगराकडचं आठ एकर वावर गोट्यांनी भरलेलं. दरवर्षी पेरणीआधी गोटे वेचायला बायका लागायच्या. आता वाकून कंबर मोडणाऱ्या त्या कामाला कुणी यायला तयार नव्हतं. उद्धवरावांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या कुठल्याशा शेतात ट्रॅक्टरच्या मागं भलंमोठं दाताळं जोडलेलं होतं. ते जमीन ओरबाडत गोटे गोळा करत होतं आणि ढीग झाला की हायड्रॉलिकच्या जोरावर दातांची रांग आपोआप वर उचलली जात होती.

चंपतनं मोबाइल तिरपा धरून, मान वाकडी करून ते चारदा पाहिलं.

"जमन तुले?" उद्धवरावांनी विचारलं.

"न जमाले काय झालं?" चंपत म्हणाला.

त्या रात्री त्याला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.

पुढचा दीड महिना तो त्या दाताळ्यातच होता. भंगारातून ट्रकचे जुने कमानपाटे आणले. मूळचंच पोलाद, वाकलेलं आणि चिवट. ते कापून, टोकं भट्टीत तापवून आत वळवली आणि एकवीस दात तयार केले. मागचा आडवा दांडा जाड चॅनेलचा, म्हणजे पन्हाळीसारख्या लोखंडी पट्टीचा. दातांची रांग उचलायला उद्धवरावांच्या मोडक्या ट्रॉलीचा जॅक काढला, त्याचं वायसर बदललं, होजपाइप नवा आणला. उद्धवराव रोज दुपारी येऊन खाटेवर बसत. काही विचारत नसत, नुसते बघत. चंपतला ते बसणं फार बरं वाटे. एवढ्या मोठ्या माणसानं एवढं मोठं काम दुसऱ्या कुणाला न देता आपल्याला दिलं, या एका गोष्टीवर तो दिवसभर उभा असे.

शेवटी राहिला एक लोखंडी कान. जॅकचं वरचं टोक ज्यात पिन घालून अडकवायचं, तो हाताच्या पंजाएवढा जाड तुकडा. सगळ्या दातांचं वजन त्याच्यावर. तो बसवायची जागा अशी अडचणीची, की दोन चॅनेलच्या बेचक्यात हात जेमतेम शिरायचा. हर्षदीप सहज रस्ता ओलांडून आला होता. तो म्हणाला, "काका, तेवढा कान मी मारू का? माहा हात बारीक हाये."

चंपतला ते झोंबलं. "तुले हात धरून मीच शिकवलं," तो म्हणाला. हर्षदीप रस्ता ओलांडून परत गेला.

चंपतनं बेचक्यात तोंड घालून कान जोडला. कडेनं बघायला जागा नव्हती, समोर नुसता डाग. आवाज सलग आला. गार झाल्यावर अंगठा फिरवायला गेला तर बोट आतल्या बाजूपर्यंत पोचेना. बाहेरून लागलं तेवढं गुळगुळीत लागलं. त्यानं त्यावर लाल रंग मारला.

चैत्रातल्या एका सकाळी दाताळं वावरात नेलं. ट्रॅक्टर उद्धवरावांचा मुलगा रविकांत चालवत होता. दात जमिनीत रुतले, खडखडाट सुरू झाला आणि पन्नास पावलांत गोट्यांचा मोठा ढीग पुढं जमला. रविकांतनं लिव्हर ओढला. दातांची रांग थरथरत वर उठली, गोटे खाली राहिले. उद्धवराव लहान पोरासारखे हसले. चंपत बांधावर उभा होता. त्याला दाताळं धड दिसत नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं.

तिसऱ्या फेरीला एक गोटा दोन दातांत अडकून बसला. रविकांतनं दात वर उचलून धरले आणि उद्धवराव गोटा काढायला पुढं झाले. खडाक् असा एकच आवाज आला. कान तुटून वेगळा झाला आणि पावणेदोन क्विंटलची ती रांग खाली आदळली. उद्धवरावांचा डावा पाय तिच्याखाली आला.

ते ओरडले नाहीत. मोठा श्वास घेऊन खाली बसले. रविकांतनं पहार घालून लोखंड उचललं, तेव्हा चपलेसकट पुढचं पाऊल चेपून गेलेलं होतं.

गाडी दवाखान्याकडं गेली आणि चंपत वावरात एकटा राहिला. तो चाचपडत दाताळ्यापाशी गेला आणि त्यानं तुटलेला कान हातात घेतला. बाहेरच्या बाजूला सांधा होता. आतल्या बाजूला लोखंड कोरंच होतं, कापल्यावर होतं तसं. वेल्डिंगची रेघ दोन बोटं बाजूला, नुसत्या चॅनेलवर पडली होती. सांध्याला तिनं शिवलंसुद्धा नव्हतं. तो त्या रेघेवरून अंगठा फिरवत ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथंच बसला.

उद्धवरावांची पाचही बोटं काढावी लागली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, की गोटाच मोठा होता, हिसका बसला, लोखंड तरी काय करील. हे चंपतच्या कानावर आलं. चार दिवस त्यानं दुकान उघडलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं जयवंताबाईला डॉक्टरांचं बोलणं खरं काय होतं ते सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग एवढंच म्हणाली, की जाऊन त्यांनाही सांगा.

उद्धवराव घरी आले होते. ओसरीवर पाय उशीवर ठेवून पडले होते. चंपत जमिनीवर बसला.

"उद्धवराव, गोट्याचा दोष नाई. माहा सांधा चुकला. मले दिसत नाई. दोन वर्षं झाले, मी लपवून राह्यलो."

उद्धवरावांनी उशीवरचा पाय जरा सरकवला. मग म्हणाले, "मले माहीत होतं."

चंपतला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मागच्या पोळ्याला तू चहा कपाच्या बाजूले ओतला होता. तवाच समजलं."

"मंग मले काम काऊन देल्लं?"

"कोणीच देत नव्हतं, म्हणून." उद्धवरावांचा आवाज थकलेला होता. "वाटलं, मी रोज येऊन बसीन, नजर ठेवीन. पण मले त्यातलं काय कळते?"

चंपतनं मान खाली घातली. माफी मागायला तो आला होता, शिव्या खायचीही त्याची तयारी होती. पण दीड महिना ज्या विश्वासावर तो उभा होता, तो विश्वास नव्हताच. ती दया होती, हे ऐकायची तयारी त्यानं केली नव्हती. उद्धवरावांवर राग धरावा तर त्यांचा पाय समोर उशीवर होता. तो उठला, पायापाशी दोन क्षण उभा राहिला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, सगळं हर्षदीपच्या दुकानात नेऊन ठेवलं.  दाताळं हर्षदीपनंच पुन्हा उभं केलं आणि कानाला दुहेरी पट्टी जोडली. वैशाखात उद्धवरावांचं आठ एकर साफ झालं. मग बोथ गावाकडच्या लोकांनीही ते मागून नेलं. जिथं जाई तिथं लोक त्याला चंपतचं दाताळं म्हणत. कुणी चंपतला तसं सांगितलं की तो विषय बदलायचा.

उद्धवराव काठी टेकत आठवड्यातून एकदा त्याच्याकडं येतात. दोघं अंगणात बसतात, पावसाचं बोलतात, कापसाचं बोलतात. पायाचा आणि डोळ्यांचा विषय दोघंही काढत नाहीत. अंधार पडायच्या आत उद्धवराव निघतात. चंपत त्यांना फाटकापर्यंत सोडायला जातो आणि काठीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तिथंच उभा राहतो.