नागीण निघाली

कोंडाजीच्या कमरेवर भरे नावाच्या सगळ्या गावाचा जीव. त्या कमरेला ढोल बांधून तो टिपरू मारायला लागला की शेजारच्या गावची मंडळी स्वतःचा ताफा सोडून ऐकायला यायची. एकतीस वर्षं गावच्या जत्रेत पहिला ढोल त्याचाच. उरलेल्या वर्षभर तो पिरंगुटच्या एका कारखान्यात रबराचे वॉशर पाडायच्या मशीनवर उभा असायचा, पण ते कुणी विचारलं तरच सांगायचा.

यंदा माघात त्याच्या आठ पगारी रजा शिल्लक होत्या. तीन चैत्रातल्या जत्रेला राखून पाच त्यानं घेतल्या, घराचे पत्रे बदलायला. पहिल्याच दिवशी सकाळी शिडीवर पाय ठेवला आणि कमरेत आग उठली. सदरा वर केला तर उजव्या कुशीवर लाल पुरळाचा पट्टा, पाठीकडून पोटाकडं निघालेला.

"अवं, ही नागीण हाय," बायको तुळजाबाई म्हणाली.

आपल्याकडं या दुखण्याला दुसरं नाव नाही. आणि नागिणीचं तोंड शेपटाला भिडलं की माणूस संपला, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजारची गंगूबाई लगोलग गेरू उगाळून घेऊन आली. पण तुळजाबाई खमकी. तिनं गेरूची वाटी ओट्यावरच ठेवायला लावली आणि नवऱ्याला रिक्षात घालून कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पंधरा दिवस विश्रांती लिहिली आणि तोंड-शेपटाचं ऐकून हसले. "ती भिडत नसते हो. पण ढोल लांब ठेवा."

आता कंपनीला कळवणं आलं. कामगारांच्या रजा बघायला ऑफिसात वेदांत नावाचा नवा साहेब आला होता. शहरात इंग्रजी शाळेत वाढलेला, मारुंजीला भाड्यानं राहणारा, स्वभावानं गोड पोरगा. कोंडाजीनं त्याला मोबाईलवर लिहिलं, "साहेब नागीण निघालीय. पंधरा दिवस येता येनार न्हाई."

उत्तर लगेच आलं. "बापरे! काका, तिला मारू नका. सर्पमित्राचा नंबर पाठवतो."

सर्पमित्र म्हणजे नागिणीवर औषध देणारा कुणी वैद्य असणार, असं कोंडाजीनं धरलं. साहेबाला आपली केवढी काळजी, म्हणून त्याचा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, "गेली का?" यानं लिहिलं, "न्हाई. पार कमरंपर्यंत आलीय."

"कमरेपर्यंत? दार लावून घ्या!"

कोंडाजीनं दार लावून घेतलं. साहेब शिकलेला माणूस, वारं लागू द्यायचं नसेल. मग त्यानं सर्पमित्राला फोन केला, आणि तासाभरात बहिरू नावाचा गडी लांब काठी आणि पोतं घेऊन दारात हजर.

"कुटं हाय?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

कोंडाजीनं सदरा वर केला.

बहिरू काठी टाकून खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. कोंडाजीही हसला, आणि हसताना कंबर अशी काही ठणकली की साहेबाला खुलासा करायचं राहूनच गेलं.

पंधरा दिवसांनी तो डॉक्टरांचा दाखला घेऊन कामावर गेला. वेदांतनं दाखला दोनदा वाचला. "काका, तुमच्या घरात तर साप निघाला होता. आणि हे दुखणं झालं असलं तरी रजेवर असताना झालं, कामावर असताना नाही. याला विमा कसा मिळेल? मी तुमच्या आठही रजा टाकल्यात. वरचे दिवस बिनपगारी."

आठही गेल्या म्हणजे जत्रा गेली. कोंडाजीला मशीनपाशी उभं राहून रडूच यायचं बाकी होतं. पगाराचं त्याला एवढं वाटलं नाही, पण पहिला ढोल दुसऱ्याच्या कमरेला बघायचा, हे त्याच्यानं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई स्वतः ऑफिसात गेली, नवऱ्याला पुढं घालून. "साहेब, नागीण म्हंजी ह्यो रोग. साप न्हाई. आन् ती काय माणसाची ड्युटी बघून निघती व्हय? रजंवर आसला तर आजारी पडायची बंदी हाय का?" तिनं सदरा वर करायला लावला. डागांचा पट्टा बघून वेदांतचे कान लाल झाले.

त्यानं तिथूनच विम्याच्या ऑफिसात फोन लावला. दुखणं कामावर सुरू झालं की रजेवर, याचा काही संबंध नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. दाखल्यातले दिवस आजारपणाचे धरायचे आणि रजा परत करायच्या. पण मॅनेजर अण्णासाहेबांनी भुवया उंचावल्या. "पहिल्या दिवशी कंपनीला कळवलं होतं, याला पुरावा काय?"

पुरावा एकच होता. वेदांतनं मोबाईलवरचा तो सगळा संवाद छापून काढला, स्वतःच्या उत्तरांसकट, आणि टेबलावर ठेवला. झाकता आलं असतं, पण पोरानं झाकलं नाही. अण्णासाहेबांनी "दार लावून घ्या" हे मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, मग चष्मा काढून डोळे पुसले आणि सही केली.

चैत्रात कोंडाजीनं तीन दिवसांचा अर्ज दिला. कारण : ढोल. पाच मिनिटांत मोबाईल वाजला. "काका, ढोल म्हणजे ढोलच ना?"

"ढोलच. बघाया या."

वेदांत आला. तुळजाबाईनं जुन्या लुगड्याची घडी डागांवर ठेवून वर ढोल बांधला, आणि कोंडाजीनं असा वाजवला की म्हाताऱ्यांनीही फेर धरला. वेदांत ठेका चुकवत टाळ्या पिटत होता. ढोल सोडताना कोंडाजीचा चेहरा कसनुसा झालेला त्यानं टिपला.

"काका, दुखलं का?"

"दुखलं की," कोंडाजी घाम पुसत म्हणाला. "पर कागदावर नगा घेऊ. ही रजा मला रजा म्हनूनच घालवायचीय."