पुसून घेतलेले फोटो

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाकिटं छापणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर माझी डिझाइनची खोली आहे. खाली मशीन सुरू झालं की वर माझा चहा आपोआप ढवळला जातो. हळद, पापड, शेवया, जे जे पाकिटात मावतं त्याचं चित्र मी करते. त्याआधी बरीच वर्षं लग्नांचे अल्बम करत असे. फोटोतल्या पुटकुळ्या, तीळ, डाग काढण्याला आमच्या धंद्यात ‘चेहरा पुसून घेणं’ म्हणतात. मी पुसलेल्या नवऱ्यामुली त्यांच्या आयांनाही ओळखू आल्या नाहीत, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. त्याला मी कधी पुसून घेतलं नाही, हे त्याचं खरं दुखणं.

माझं माहेर कोरेगावजवळचं. तिथे आई आणि माझी भावजय, दोघी राहतात. धाकटा भाऊ फौजेत, वर कुठेतरी बर्फात. गेल्या वर्षी भावजयीने चटणीचा धंदा काढला. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. पाकिटावर एक बाई हवी, असं तिचं म्हणणं होतं. मी ए.आय.कडून काढून दिली. तिखट पाकिटावर गोल तोंडाची बाई आली, कमी तिखटावर लांब नाकाची, आणि डब्याच्या झाकणावर तिसरीच.

आई म्हणाली, “एका घरात किती बायका कांडत्यात ह्या? एकीचं तरी त्वांड जमव की नीट.”

त्यावर उपाय होता. एकाच माणसाचे पुष्कळ फोटो मशीनला खायला घालायचे, म्हणजे ते तो चेहरा पाठ करतं. मग त्याला मिरच्या भाजायला सांगा, मिरची कुटायच्या डंकावर उभं करा, संक्रांतीला तिळगूळ वाटायला लावा, चेहरा तोच. या वयात मी हे मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. माझ्या मते ते मला आलंही.

चेहरा कुणाचा, तर भावजयीचाच. भाऊ फोनवर म्हणाला, “तिला पाकिटावर कशाला बसवताय? भाजी जळली तर मी बोलायचं कुणाला?” पण खूश होता.

मी गावी जाऊन तिचे फोटो काढले. हसताना, रागावताना, पदर खोचताना. परत येऊन सगळे एकदम निवडले आणि जुन्या सवयीने बटण दाबून पुसून घेतले. मग मशीनला दिले.

दोन दिवसांनी दुपारी चित्रं आली. खरं सांगते, मी खुर्चीतून उठले. तीच होती. हसताना डावा गाल आधी वर जातो, तेसुद्धा मशीनने पाठ केलं होतं. मी एकेक चित्र मोठं करत गेले आणि चौथ्या-पाचव्याला हातातला कप तसाच राहिला. तिचं कपाळ मोकळं होतं. सगळ्या चित्रांत. मिरच्या भाजताना, हळदीकुंकवात, दिवाळीच्या पणत्या लावतानाही.

ती टिकली लावते मसुराच्या दाण्याएवढी, तपकिरी. पुसणाऱ्या यंत्राला तो तीळ वाटला असणार. फोटोमागून फोटो त्याने तो नीट साफ केला आणि दुसऱ्या यंत्राने ते कपाळ निष्ठेने शिकून घेतलं. मी टिकली घाल म्हणून लिहिलं, तर त्याने गालावर घातली. पुन्हा लिहिलं, तर हनुवटीवर.

आता मी स्वतः टिकली लावत नाही. सासूबाईंशी त्यावरून एकदा दोन्ही बाजूंनी जेवण सोडेपर्यंत भांडलेली बाई आहे मी. कपाळावर काय आहे यावर कुणाचं आयुष्य ठरत नाही, हे माझं आवडतं वाक्य. ते मी मनात म्हणत होते तेवढ्यात आईचा फोन आला.

“तुला फोन आलावता का त्याचा?”

“नाही. का गं?”

“ऐतवारी आला न्हाई. टीव्हीवर बरफ कोसळल्यालं दाखवत्यात. जागा सांगंनात नीट.”

मी म्हटलं, नेटवर्क नसेल. आईही म्हणाली, तेच म्हनते मी. दोघीही फोन ठेवेनात.

मग मी काय केलं? सुशिक्षित बाईने करावं तेच. दार लावून घेतलं आणि माऊसने एकेका चित्राच्या कपाळावर टिकली काढत बसले. एकही चित्र राहता कामा नये, असं मला का वाटत होतं ते मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं.

भाऊ अजून बोलला नव्हता आणि भावजयीला घरात बसवेना. ती एसटीने थेट कुपवाडला आली. आल्या आल्या म्हणाली, “दाखवा की वन्सं.”

“अगं, कच्चं आहे अजून.”

“कच्चं तर कच्चं. मी काय खानार हाय व्हय?”

मी फोल्डरांना ‘नवीन’, ‘नवीन शेवटचं’, ‘नवीन एकदम शेवटचं’ अशी नावं देते. व्हायचं तेच झालं. चुकीचं उघडलं. पडद्यावर ती कढईत मिरच्या परतत हसत होती, मोकळ्या कपाळाने.

ती पडद्याजवळ वाकली. “ही मीच न्हवं का?”

“मशीन चुकलं गं.”

“चुकलं कसं? नाक माजं हाय. हसनं माजं हाय.” आणि मग अगदी हळू, “वन्सं, ह्याला फुडचं दिसतंय का?”

“छे! काहीतरीच. मी तुझे फोटो पुसून घेतले होते, म्हणून...”

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं मी काय बोलले ते. आमच्या भागात बाईच्या कपाळावरचं काय पुसतात आणि कधी, हे सांगायला लागत नाही. खाली छपाईचं मशीन चालू होतं. तिने मोबाईल पर्समधून काढून टेबलावर ठेवला.

तो वाजलाच. अनोळखी नंबर. ती हात लावेना. माझ्याकडे सरकवला. मी बटण दाबलं, कानाला लावला, आणि एका बाईचा गोड आवाज म्हणाला की आपल्या नंबरसाठी नवीन कॉलर ट्यून निवडा. मी हसायला लागले आणि ती रडायला. किंवा उलटं असेल. दोघींचे आवाज मिसळले होते.

तिला मी परत पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. पहिलं काही कळेचना. मग कळलं, बोललाय. बर्फामुळे त्यांची लाइनच बंद होती. खालच्या तळावर आल्यावर थोडाच वेळ मिळाला, तेवढ्यात त्याने आईला विचारलं, “जेवलीस का?” सकाळच्या सात वाजता!

ते शिकवलेलं मशीन मी भावजयीसमोर काढून टाकलं. ‘हे परत मिळणार नाही, नक्की का?’ असं पडद्यावर आलं, तेव्हा माझ्याआधी तिनेच बटण दाबलं. मग गावी जाऊन नवे फोटो काढले. या वेळी आईने स्वतः तिला रुपयाएवढं कुंकू लावलं. मशीनने ते असं काही मनावर घेतलं की मागे उभ्या असलेल्या गड्याला कुंकू, खलबत्त्याला कुंकू, एका मिरचीलाही. आई म्हणाली, “असूदे. जादा झालं तरी चालंल.”

चित्रं आता तयार आहेत. प्रत्येक मी मोठं करून पाहिलंय, भावजयीने पाहिलंय, आईने चष्मा लावून पाहिलंय. पण भाऊ रजेचा अर्ज टाकून पुन्हा वर गेलाय आणि लाइन पुन्हा बंद आहे. खालच्या कारखान्याचा मालक जिन्यात अडवतो, “म्याडम, चटणीचा सीझन चाललाय. छापायचं कवा?”

मी सांगते, “रजा मंजूर होऊ दे.”

त्याला वाटतं, माझी रजा.