मोकळ्या सीटचा बेल्ट

मुरुमात माझं मेडिकल स्टोअर आहे. औषध घेता घेता कुणी हळूच विचारतं, "ताई, ह्याला बाहेरचं काय असंल का हो?" मी त्याला सरळ डॉक्टरकडं पाठवते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण आमची जुनी गाडी विकायला काढली तेव्हा जे झालं, ते कुठंतरी सांगावंसं वाटतंय. घरच्यांना सांगितलं... त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

गाडी पांढरी, छोटी. चालवायची मीच, आणि शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा आई. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच राहायची. तिचं माहेर अणदूर. भावाची आठवण आली की खंडोबाचं नाव पुढं करायची; तो देव वर्षातले काही महिने नळदुर्गात, काही महिने अणदूरला असतो. "देव नळदुर्गाहून अणदूरला आला असंल गं, जाऊन येऊ."

शेजारी बसलेल्यानं बेल्ट लावला नाही की ही गाडी टुंग-टुंग वाजायची. आई गावात असेपर्यंत बेल्ट लावायचीच नाही, पट्टा नुसता हातात धरून बसायची. "बांधून घ्यायला म्या काय म्हैस हाय व्हय? बाया बघत्यात." गाव संपून पेट्रोल पंप मागं पडला की मग गुपचूप लावायची. तोवर गाडी वाजायची आणि आम्ही दोघी हसायचो.

गेल्या थंडीत आई गेली. झोपेतच.

त्यानंतर गाडी दारात उभीच राहिली. "माझी गाडी आहेच की, ही उगी गंजून जाईल," मिस्टर म्हणाले. मलाही ते पटलं. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले, तर कळंबच्या एका शिक्षिकेचा फोन आला. रविवारी बघायला येते म्हणाल्या.

म्हणून गाडी वॉशिंगला नेली. सीटखालून शेंगांची टरफलं निघाली, आईची एक हेअरपिन निघाली. शिवणीत भंडारा बसला होता तो काही केल्या जाईना. धुणारा म्हणाला, "ताई, कव्हर टाका वरून, दिसणार न्हाय." मी नको म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

तिथून घरी येताना गाडी वाजायला लागली. टुंग... टुंग... समोर बेल्टचा लाल दिवा. शेजारची सीट रिकामी. माझी पर्ससुद्धा मागं होती.

पाणी गेलं असेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी गाडी इलेक्ट्रिशियनकडं नेली. तो सीटवर बसला तेव्हा वाजली. उठला, बंद. पिशवी ठेवून पाहिली, गप्प. "सेन्सर एकदम ओके हाय," तो म्हणाला. पण रविवारी त्या बाईंसमोर वाजली असती तर? मी त्याला सीटखालचा प्लगच काढून ठेवायला सांगितलं. प्लग काढल्यावर तो पुन्हा शेजारी बसला, मी गाडीच्या दोन चकरा मारल्या. आवाज नाही.

"आता कुणी बी बसू द्या ताई, वाजायचं नावच न्हाय."

शनिवारी दुपारी मी दुकान मिस्टरांवर सोपवलं आणि अणदूरला निघाले. आईची दोन लुगडी मामींना द्यायची होती, आणि या गाडीतून तो रस्ता एकदा... असंही होतं मनात.

माझ्या दुकानासमोरून गाडी पुढं गेली आणि टुंग.

मी गाडी बाजूला घेतली. खाली वाकून पाहिलं. प्लग सुटाच लोंबत होता. पुन्हा गाडी काढली, पुन्हा टुंग... टुंग... लाल दिवा. खरं सांगते, भीती नाही वाटली. कितीतरी महिन्यांनी मी मोठ्यानं म्हणाले, "आई, बेल्ट लाव की गं."

वाजतच राहिली. बाजार गेला, शाळा गेली. पेट्रोल पंप मागं पडला... आणि आवाज थांबला. दिवा विझला. शेजारी पट्टा होता तसाच, जागेवर.

मग मी अणदूरपर्यंत बोलत गेले. लेकीचं ॲडमिशन, लोणच्याला लागलेली बुरशी, बाबांचा फोटो मोठा करून आणला ते, सगळं. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग कधी गेलं कळलंच नाही. गाडी मी मुद्दाम हळू चालवत होते. मागचे ट्रक हॉर्न देऊन पुढं जात होते.

मामांच्या दारात गाडी थांबवली. मी मान खाली घालून हँडब्रेक ओढत होते, किल्ली काढत होते. तेवढ्यात डावीकडचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मामांचा आवाज, "ये."

मी माझ्या बाजूनं उतरले, वळसा घालून गेले. मामा दार धरून उभे होते. माणूस उतरेपर्यंत आपण धरतो तसे.

"मामा, मला म्हणालात?"

"तुला कशाला म्हणू? तू तर तिकडून उतरलीस." ते सीटकडं बघत राहिले. मग दार हळूच लावलं. "काय की बाय... उघडावं वाटलं."

मी त्यांना गाडी वाजल्याचं सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही सांगितलं. चहा झाल्यावर एवढंच म्हणाले, की गाडी विकू नये असं वाटायला लागलंय.

मामांनी कप खाली ठेवला. "वीक," म्हणाले. "अक्का आली माहेराला. आता तिला गाडी कशाला लागती?"

परतताना गाडी एकदाही वाजली नाही. गावात शिरल्यावर मी उगीच दोन गल्ल्या फिरले... काही नाही.

प्लग पुन्हा जोडून रविवारी गाडी दिली. महिन्याभरानं त्या बाईंना फोन केला, बेल्टच्या आवाजाचं सहज म्हणून विचारलं. "नाही हो, एकदम मस्त चालते," त्या म्हणाल्या. मिस्टर म्हणतात वायरिंगमध्ये ओल राहिली असेल. असेल. सुटा प्लग कसा वाजतो, हे मात्र त्यांनाही सांगता येत नाही, इलेक्ट्रिशियनलाही नाही. मामांना मी पुन्हा विचारलं नाही.

माझं एकच राहून गेलंय. मामा "ये" म्हणाले तेव्हा माझी मान खाली होती. किल्ली नंतरही काढता आली असती.