काकांच्या दुकानातला केर

आखातात, मुहर्रकच्या जुन्या गल्लीतलं काकांचं सोनारकामाचं दुकान पाडणार असल्याचं कळलं, तेव्हा मी तिथला केर मागितला. आम्ही सांगलीकडचे गलाईवाले. सोनाराच्या जमिनीवरची धूळ धुऊन सोनं काढणं हा आमचा पिढ्यांचा धंदा. घरमालक त्या धुळीचे पैसे मागू लागला. मी म्हटलं, तुझा कचरा उचलून नेतोय, तूच मला काहीतरी दे. तो भडकला, मी त्याच्याहून भडकलो. शेवटी 'यल्ला, खलास' म्हणत त्याने किल्ली फेकली.

सोनं मला नको होतं. नाकातली एक चमकी हवी होती. विशीत मी काकांच्या हाताखाली होतो. गिऱ्हाइकाची चमकी हरवली आणि काका चारचौघांत म्हणाले, "तुझ्या हाताला सोनं चिकटतं." त्याच दिवशी मी बाहेर पडलो आणि स्वतःच्या जिवावर उभा राहिलो. आता काका नाहीत, पण गावाकडे मी चोरच आहे. ती चमकी केरात सापडली, तर काकूच्या हातावर ठेवायची होती.

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, रिफातल्या घरून बायको आणि मुलीला घेऊन गेलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाकांखालची धूळ गोळा करून मागच्या अंगणात परातीत धुऊ लागलो. गढूळ पाणी ओतलं की खाली नुसती रेती. पुन्हा धुतलं, पुन्हा रेती. सोनाराच्या केरात एकही कण चमकू नये, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आतून खरवडल्याचा आवाज आला. बारीक, थांबून थांबून. मी मुलीवर ओरडलो.

"बाबा, आय अ‍ॅम हिअर," ती माझ्या पाठीमागून म्हणाली. तिच्या हातात बादली होती.

आवाज थांबला. टॉर्च घेऊन मी आत गेलो. फरश्यांच्या सगळ्या सांधी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कोरून काढलेल्या होत्या. उंबऱ्याखालचीसुद्धा. काकांच्या बैठकीपाशी एक दाभण पडला होता. सगळा गंजलेला, टोक मात्र लखलखीत.

"अहो, काकांनीच चमकी शोधली असणार," बायको हळूच म्हणाली. "सापडली असेल का?"

सापडली असती तर मला एक फोन करायला काय झालं होतं?

कुलूप लावलं आणि आत खरवडणं पुन्हा सुरू झालं. मुलगी गाडीकडे पळाली. मी दाराला तोंड लावून म्हणालो, "काका, सापडली की आधी काकूला सांगा."