गिरणी हलविणेबाबत

त्या सकाळी धुकं असं दाट पडलं होतं की अण्णा गिरणीच्या दारात उभे होते तरी कुणाला दिसेनात. अण्णा आधीच पिठाने पांढरे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानातले केससुद्धा पांढरे, आणि आता मागून धुकंही पांढरं. धुक्यातून नुसता आवाज यायचा, "डबा ठेवा, दुपारी न्या!" आणि दळण आणणारी माणसं आवाजाच्या रोखाने डबे ठेवून जायची.

अशा दमट हवेत धान्य सादळतं, दगडाला चिकटतं आणि पीठ कोमट लापशीसारखं बाहेर येतं. म्हणून अण्णा प्रत्येक डब्यात हात घालून मूठभर गहू काढत आणि एक दाणा दाताखाली फोडत. कट्ट वाजला तर डबा आत. नाही वाजला तर डबा परत.

"उन्हात टाका, मग आणा."

"ऊन कुठंय अण्णा?"

"ते मंडळाकडे मागा."

"मंडळात तर तुम्हीच बसता की!"

"मी काही मागत नसतो बाबा. दुसऱ्या कुणी ऊन मागितलं तर अनुमोदन देईन."

आणि हे अण्णा गमतीने म्हणत नव्हते. गावच्या मंडळात सदस्य म्हणून त्यांची किती वर्षं गेली हे त्यांनाही नीट आठवत नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत त्या सभागृहात त्यांनी एकच शब्द उच्चारला होता. गावात त्यांना अनुमोदनअण्णा म्हणत. काही धाकट्या मुलांना तर अनुमोदन हे त्यांचं आडनावच वाटायचं.

त्याचं असं झालं होतं. अण्णा पहिल्यांदा निवडून आले. निवडून यायला काही करावं लागलं नव्हतं. वॉर्डातल्या घराघराचं दळण त्यांच्या गिरणीत पडलेलं असायचं, आणि आपला डबा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी वाकडं कोण घेणार? पण सभेत बोलायचं काय? बायकोने सांगितलं, "एकच शब्द बोला, पण ठणठणीत बोला." अण्णा गेले, बसले. वकीलसाहेबांनी काहीतरी सुचवलं. सुचवायला सगळ्यांना आवडतं, त्यात मान असतो. मात्र सुचवलेल्याला 'माझं अनुमोदन आहे' म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही. तो जेवणावळीतल्या वाढप्याचा धंदा. सगळे आढ्याकडे बघत बसले. अण्णांना वाटलं, हीच वेळ. ओरडले, "अनुमोदन!" खालच्या मजल्यावर उभ्या असलेल्या आगीच्या बंबाचा ड्रायव्हर दचकून उठला म्हणतात.

तेव्हापासून ते काम अण्णांकडे लागलं ते लागलंच. हेडक्लार्क, ज्यांना सगळे बाबू म्हणत, ते तर अनुमोदकाच्या जागी अण्णांचं नाव आधीच टाइप करून आणायचे.

जवळचं बोलणं अण्णांना कळायचं, पण सभेतलं ऐकू काही येत नसे. जन्मभर गिरणीच्या घरघरीत काढल्यावर कानाने राजीनामा दिला होता. पण त्यांची एक रीत होती. अध्यक्षीणबाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई, विषय वाचून झाला की चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि सगळ्यांकडे बघत. चष्मा टेबलावर टेकला की अण्णांच्या तोंडून शब्द सुटलाच. सभेची विषयपत्रिका घरी यायची, पण ती वाचून करायचं काय? ठराव कुठलाही असो, शब्द तोच.

तर धुक्याच्या त्याच दिवशी दुपारी सभा होती. अण्णा मिशा झटकून गेले, बसले, अर्धे मिटलेले डोळे बाईंच्या चष्म्यावर लावून ठेवले. दिवे, गटार, कुत्री, सगळ्याला अनुमोदन दिलं. शेवटच्या विषयाला शब्द उच्चारल्यावर मात्र त्यांना वाटलं, सगळे आपल्याकडे जरा जास्तच बघतायत. वकीलसाहेबांनी तर उठून त्यांचा हात हातात घेतला आणि दाबला. अण्णांनीही दाबला. घरी येऊन पट्टा चढवला आणि गिरणी चालू केली.

तेवढ्यात बायको वरच्या घरातून जिना उतरून आली. गिरणी खाली, घर वर. हात हलवून काहीतरी बोलत होती.

"काय? पट्टा सुटला?"

तिने बटण बंद केलं. "पट्टा नाही, अक्कल सुटलीय तुमची! सभेत काय केलंत?"

"नेहमीचंच. अनुमोदन दिलं."

"कशाला?"

"सगळ्यालाच."

"मंडळाचा शिपाई आत्ता दळण न्यायला आला होता. काय म्हणाला माहितीय? 'काकू, गिरणी तळ्यापलीकडे गेल्यावर दळण तिकडे आणायचं का?' अहो, आपली गिरणी गावाबाहेर घालवायचा ठराव केलाय त्यांनी! आणि अनुमोदन कुणाचं? खुद्द गिरणीवाल्याचं!"

अण्णा गव्हाच्या पोत्यावर बसले ते बसलेच. तळ्यापलीकडे स्मशान होतं. तिकडे माणसाला चौघे नेतात तेव्हाच तो जातो, पिठाचा डबा घेऊन आपल्या पायांनी कोण जाणार? गिरणी तिकडे गेली की संपलीच, आणि दुसरं काही अण्णांना येत नव्हतं. अनुमोदन येत होतं, पण त्यावर घर चालत नाही.

"पण तक्रार कुणाची?" त्यांनी विचारलं.

"शेजारच्याची."

शेजारी म्हणजे फोटोवाला. भिंतीला भिंत लागून त्याचा स्टुडिओ. भला माणूस, दळण इथलंच न्यायचा. मात्र महिनाभर आला नव्हता, हे आता अण्णांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी ते बाबूंकडे गेले. बाबू कान कोरत होते.

"ठराव तर झाला अण्णा. पण अजून कच्चा आहे. पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होतं, मग तो पक्का. मग तुम्हाला नोटीस."

"आणि इतिवृत्त कायम झालंच नाही तर?"

बाबू हसले. "असं कसं होईल? तुम्ही असताना?"

अण्णा मान खाली घालून घरी आले आणि जसंच्या तसं बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. हात थांबला.

"म्हणजे तुम्ही बोललाच नाहीत तर?"

"तर अडेल. पण मग मी जातच नाही ना सभेला."

"वा रे वा! तुमची खुर्ची रिकामी दिसली तर दुसरा कुणीतरी तोंड उघडेल. तुम्ही समोर बसा. तुम्ही दिसलात की बाकीचे आपोआप गप्प बसतात, सवय झालीय त्यांना. फक्त गप्प राहा."

"अगं, तेच तर जमत नाही. बाईंनी चष्मा ठेवला की आतून उसळी येते."

मग घरात सराव सुरू झाला. जेवताना बायको मुलीचा चष्मा घालायची, आमटीकडे करड्या नजरेने बघायची आणि एकदम काढून पाटावर ठेवायची.

"अनु—"

"गप!"

पुन्हा घालायची, पुन्हा काढायची.

"अनुमो—"

"अहो, भात आहे तोंडात, शितं उडतायत!" मुलगी ओरडायची. "आणि आई, मला अभ्यास करायचाय, माझा चष्मा दे!"

सभेच्या दिवसापर्यंत अण्णा 'अ' पर्यंत खाली आले होते, पण 'अ' काही सुटेना. शेवटी बायकोने आपला जुना मफलर काढला आणि त्यांच्या हनुवटीखालून डोक्यावर नेऊन अशी करकचून गाठ मारली की तोंड उघडायला जागाच राहिली नाही.

"विचारलं तर दाढ दुखतेय म्हणा."

"म्हं?"

"बरोबर. असंच म्हणा."

सभागृहात सगळे जमले. फोटोवालाही अर्जदार म्हणून भिंतीकडेच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याने अण्णांकडे पाहिलं नाही.

"काय हो अण्णा, दाढ?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"म्हं."

"लवंग धरा. हं, विषय पहिला. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." वकीलसाहेबांनी बसल्या बसल्या सुचवलं. बाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. टक.

मफलरच्या आत काहीतरी धडपडलं. बाहेर काही आलं नाही.

बाईंनी चष्मा उचलला, परत ठेवला. टक. वाटलं असेल आवाज कमी झाला.

"अण्णा?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर काही नव्हतं.

"दुसरं कुणी देऊन टाका हो," वकीलसाहेब म्हणाले. "नाहीतर मीच देतो."

"सूचक आणि अनुमोदक एकच चालत नाही," बाबू म्हणाले.

औषधवाले सदस्य घसा खाकरून म्हणाले, "मी दिलं असतं. पण मी पहिल्यापासून विरोधात. आता अनुमोदन दिलं तर फुटला म्हणतील."

कापडवाल्यांकडे सगळ्यांनी पाहिलं. "मी इतकी वर्षं एक शब्द बोललो नाही," ते म्हणाले. "आता या वयात कुठं सुरुवात करू? आणि खरं सांगू का, आमचं दळण आज सकाळीच अण्णांकडे टाकलंय. बारीक पाहिजे आम्हाला. कशाला उगाच?"

बारीक हा शब्द ऐकून औषधवाल्यांनीही मान डोलावली. त्यांचाही डबा तिथेच होता.

"अहो पण पहिलाच विषय अडला तर पुढचे कसे घ्यायचे?" बाई कावल्या. पुढे त्यांच्या बागेतल्या कारंज्याचा विषय होता. वकीलसाहेबांच्या दारातल्या गटारावर फरशी घालायचा विषय होता. सगळी कामं ओळीने उभी, आणि पुढे मफलर बांधलेले अण्णा, फाटक पडल्यासारखे. नेमका खाली बंबवाल्याने रोजच्यासारखा बंब चालू करून पाहिला, तेव्हा टेबल थरथरलं आणि बाईंचा चष्मा आपोआप सरकत चालला. तो पडला तरी अण्णा गप्प.

"हे सगळं तुमच्यामुळे!" वकीलसाहेब एकदम फोटोवाल्यावर उखडले. "तुम्हाला गिरणीने काय केलं होतं हो?"

फोटोवाला उठला. पिशवीतून त्याने फोटोंचा गठ्ठा काढून टेबलावर ओतला. सगळे वाकले. एका फोटोत नवरीला चार डोळे होते. एकात नवऱ्याला दोन नाकं, आणि दोन्हींना आनंद झालेला. एका आजोबांच्या जागी नुसता धुराचा लोट होता आणि त्याला टोपी.

"बघा! गिरणी चालू झाली की माझी भिंत हलते. भिंत हलली की पडदा हलतो, पडदा हलला की गिऱ्हाईक हलतं. परवा एकाने सगळ्या कुटुंबाचा फोटो काढून घेतला, मोजून बघितलं तर माणसं दुप्पट! मला काय अण्णांना गावाबाहेर घालवायची हौस आहे? त्यांचंच पीठ खाऊन वाढलोय मी! शरमेने महिनाभर दळण टाकलं नाही, घरात पाव खातोय!" त्याने चार डोळ्यांची नवरी सगळ्यांपुढे धरली. "माझं म्हणणं एवढंच होतं हो, गिरणी हलता कामा नये!"

तो इतक्या मोठ्याने ओरडला की अण्णांनाही ऐकू गेलं. त्यांनी मान वळवली.

"काय म्हणालात?" बाबूंनी पेन उचललं. "परत म्हणा."

"गिरणी हलता कामा नये! अर्जात हेच लिहिलंय. 'शेजारील गिरणी हलणेबाबत तक्रार.'"

बाबूंचा चेहरा पिठासारखा झाला. आता त्यांचं असं होतं की मंडळाच्या विषयपत्रिकेत सगळं 'विणेबाबत'च असतं. दिवे बसविणेबाबत. कुत्री हटविणेबाबत. पाट्या रंगविणेबाबत. त्यात 'हलणेबाबत' त्यांना उघडंनागडं दिसलं असावं. त्यांनी कार्यालयीन शिस्त म्हणून त्यात एक 'वि' घालून दिला होता. हलणेबाबतचं हलविणेबाबत झालं. आणि हलवायची तर कुठेतरी हलवायला पाहिजे, म्हणून वकीलसाहेबांनी आपल्या मनाने तळं सुचवलं होतं.

"मग ठराव कळल्यावर लगेच येऊन का बोलला नाहीत?" बाईंनी फोटोवाल्याला विचारलं.

"मंडळाने माझ्यासाठी एवढं केलं, नको कसं म्हणायचं?"

मोठ्या बाई बाबूंकडे वळल्या. त्या क्षणी त्या अध्यक्ष राहिल्या नाहीत, पुन्हा शाळेतल्या झाल्या. "उभे राहा," त्या म्हणाल्या. बाबू उभे राहिले. "एका 'वि'ने बिचाऱ्याचं बिऱ्हाड उठवलंत. खोडा तो. 'गिरणीचे हलणे थांबविणेबाबत' असं करा."

"थांबविणेत 'वि' आहे," बाबूंनी समाधानाने लिहून घेतलं.

"तळंही खोडा. टंकलेखनातली चूक दुरुस्त करून इतिवृत्त कायम करायचं. आता तरी?" बाईंनी चष्मा काढला.

"म्हुम्ओम्म!"

"नीट ऐकू आलं नाही. तसं लिहिता येणार नाही," बाबू म्हणाले.

अण्णांनी गाठ ओढली, ती अजून घट्ट झाली. शेवटी फोटोवालाच धावला. त्याने दाताने गाठ सोडवली, मफलर उतरवला, आणि त्या इमारतीने इतक्या वर्षांत ऐकला नव्हता एवढा मोठा शब्द अण्णांच्या तोंडून सुटला. पुढे कारंजं, फरशी, सगळं एका दमात पार पडलं. मधे एकदा बाईंनी नुसता चष्मा पुसायला काढला, त्यालाही अनुमोदन मिळालं.

संध्याकाळी बंबवाल्याकडून मागून आणलेल्या जुन्या टायरचे तुकडे फोटोवाल्याने आणि अण्णांनी मिळून यंत्राच्या पायाखाली सारले. फोटोवाला पलीकडे जाऊन भिंतीला हात लावून उभा राहिला आणि तिथून ओरडला, "चालू करा!" अण्णांना ऐकू आलं नाही. तो परत येऊन कानात ओरडला, मग चालू केली. भिंत थोडी हलली. "एवढी चालेल," तो म्हणाला, "म्हाताऱ्यांचे फोटो सकाळी, गिरणी सुरू व्हायच्या आधी काढत जाईन." आणि घरी डबा आणायला पळाला.

बायको जिन्यात उभी होती. "झालं ना सगळं? मग बसू नका. मघाशी डाळ दळलीय त्यात. दगड झाडल्याशिवाय कुणाचा गहू टाकू नका."

अण्णांनी बटण बंद केलं, कुंचा घेतला, झाकण काढलं आणि वाकून दगड झाडायला लागले.