राहिलेला उत्तरपक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं ते खोटं होतं — कसं, ते येईलच पुढे.

नेरूळच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवतो. पौर्वात्य आणि पाश्चात्त्य परंपरांची तोंडओळख. विषाचा पेला शांतपणे पिणारा तो ग्रीक म्हातारा मी असा रंगवतो की मागच्या बाकावरचेही मोबाइल खाली ठेवतात. आणि आपल्याकडची वादाची रीत तर दरवर्षी घोकूनच घेतो. आधी पूर्वपक्ष — समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडायचं. मग उत्तरपक्ष — ते खोडायचं. सुंदर रीत आहे, नाही?

प्रणाली माझी विद्यार्थिनी, जवळच्याच दिवाळे कोळीवाड्यातली. आईचा सुक्या मासळीचा धंदा. गावातलं घर पडायला आलं म्हणून मायलेकी आमच्याच सोसायटीत भाड्याने आल्या. गॅलरीत बोंबील वाळू लागले आणि लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांचा भाडेकरार वाढवू नये, असा ठराव मीटिंगला आला. प्रणालीने मला जिन्यात गाठलं. "सर, तुमी बोला ना आमच्यासाटी. तुमचं ऐकतील सगले."

बोललो ना! सवयीने आधी पूर्वपक्ष मांडला. वास, माश्या, लहान मुलं, फ्लॅटच्या किमती — तक्रार करणाऱ्यांनाही सुचलं नव्हतं इतकं नेटकं. टाळ्या पडल्या. पार्किंगच्या भांडणातसुद्धा मला कधी कुणी विचारत नसे, त्याच लोकांच्या टाळ्या. गोड लागल्या. खोटं कशाला बोलू?

बायकोला म्हणालो, "मला पुढे बोलूच दिलं नाही गं." साफ खोटं. सेक्रेटरींनी स्वच्छ विचारलं होतं, "अजून काही, सर?" उत्तर तयार होतं माझ्याकडे — दर रविवारी आपल्या घरांत शिजणारी कोलंबी कोण आणून देतं, इथपासून. काय झालं असतं बोललो असतो तर? मला काय विष प्यायचं होतं? लिफ्टमध्ये चार लोकांनी तोंड फिरवलं असतं, एवढंच.

"नाही, झालं," म्हणालो आणि बसलो.

सगळ्यांना वाटलं, माझं बोलणं संपलं. ते अर्धंच झालंय हे त्या हॉलमध्ये मागे आईशेजारी बसलेल्या एकट्या प्रणालीला ठाऊक होतं. मीच शिकवलं होतं तिला. ठरावाच्या बाजूने हात वर व्हायला लागले तरी ती माझ्याकडेच बघत होती — दुसऱ्या भागाची वाट बघत. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिलो. शेजारच्याने माझ्याकडे पाहिलं.

मग मीही हात वर केला.

तिने नजर खाली घेतली. त्यानंतर ती वर्गात कधी आली नाही. मी शिकवतोच आहे — आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. मुलं लिहून घेतात.